केनेडी घराण्याचा वारसा: बाबांना नेमकं काय दाखवू?

क्विन्सीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आई-बाबा पहिल्यांदाच अमेरिकेत येताहेत. आम्ही तीन वर्षांपासून बॉस्टनजवळ क्विन्सीत राहतो. बाबांना विचारलं, काय काय बघायचंय? नायगारा नको म्हणाले, न्यूयॉर्कचं बघू म्हणाले. एकच हट्ट धरलाय, "मला केनेडीचं बघायचंय."

1963 मध्ये जॉन केनेडींचा खून झाला तेव्हा बाबा पाचवीत होते. शनिवारची सकाळची शाळा होती. प्रार्थना झाल्यावर हेडमास्तरांनी सांगितलं की अमेरिकेच्या अध्यक्षांना गोळ्या घातल्या, आणि शाळा सोडून दिली. रस्त्याने जाताना मोठी माणसं रडत होती, हे बाबा अजून सांगतात. परक्या देशाच्या माणसासाठी लोक का रडतात, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात त्या दिवशी शिरला तो आजतागायत गेलेला नाही.

त्यांच्याबरोबर जायचं म्हणून मी वाचायला बसलो. जिकडेतिकडे शाप, बायका, खून आणि कटकारस्थानं. माझी अकरा वर्षांची मुलगी शेजारी बसून बघत होती. तिने विचारलं, "हेच का ते लसवाले?" मी म्हटलं, नाही गं, ते त्यांचे पुतणे, रॉबर्ट केनेडी ज्युनियर. तर म्हणते, "मग आजोबांना हे का आवडतात?" मला धड उत्तर देता आलं नाही.

म्हणून विचारतो. या घराण्याचं अमेरिकेत आज खरोखर काय उरलंय? शापाच्या गोष्टी नकोत, त्या पुष्कळ वाचल्या. आणि एक शनिवार हाताशी असेल तर बाबांना कुठे न्यावं?

---

ऑस्टिनकर

तुमच्या बाबांबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहितो. मला या घराण्याचं कौतुक कधीच पटलेलं नाही.

1962 सालचं उदाहरण घ्या. थोरला भाऊ अध्यक्ष, मधला ॲटर्नी जनरल, आणि धाकटा टेड तिशी गाठताच सिनेटला उभा. प्राथमिक फेरीतला प्रतिस्पर्धी एडवर्ड मॅककॉर्मॅक चर्चेच्या मंचावर त्याच्या तोंडावर म्हणाला होता की तुझं नाव नुसतं एडवर्ड मूर असतं तर तुझ्या उमेदवारीला लोक हसले असते. मुद्दा खरा होता. टेड तरीही जिंकला आणि सत्तेचाळीस वर्षं त्या जागेवर बसला. घराणेशाहीला आपण नावं ठेवतो, मग ती इंग्रजी बोलते म्हणून गोड मानायची का?

पुढचं बघा. क्यूबावरची, पिग्जच्या उपसागरातली फसलेली स्वारी 1961 ची. जॉन सत्तेवर आले तेव्हा व्हिएतनाममध्ये हजाराच्या आतबाहेर अमेरिकी लष्करी सल्लागार होते, ते गेले तेव्हा सोळा हजारांच्या घरात. मार्टिन ल्यूथर किंग यांचे फोन चोरून ऐकायला ऑक्टोबर 1963 मध्ये लेखी परवानगी दिली ती रॉबर्ट केनेडी यांनी.

आणि मेरी जो कोपेक्नी. जुलै 1969, चॅपाक्विडिक बेट. टेडने गाडी पुलावरून पाण्यात घातली, स्वतः बाहेर आला, शेजारी बसलेली मेरी जो आतच मेली, आणि पोलिसांना कळवलं सुमारे दहा तासांनी. ती अठ्ठावीस वर्षांची होती. शिक्षा काय, तर दोन महिने, तीही स्थगित. वारशाची यादी करणार असाल तर तिचं नाव वर लिहा.

---

मेडफर्डची आई

क्विन्सीकर, तुमच्या मुलीचा प्रश्न वाचला आणि रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहिते. ऑस्टिनकरांनी लिहिलेलं सगळं खरं आहे, त्यातला एक शब्द मी खोडणार नाही. पण माझ्या घरात या घराण्याचं जे आहे ते वेगळ्याच दाराने आलंय.

माझा मुलगा चोवीस वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम आहे आणि बौद्धिक अक्षमताही. तो बोलतो, पण मोजकं. पोहतो मात्र छान.

तुम्ही बाबांना ब्रुकलाइनच्या 83 बील्स स्ट्रीटला न्याल तेव्हा जॉनच्या जन्माची खोली सगळेच दाखवतील. 29 मे 1917. पण त्याच घरात त्यानंतर दीड वर्षाच्या आत, सप्टेंबर 1918 मध्ये, रोझमेरी जन्मली. स्पॅनिश फ्लूची साथ बॉस्टनमध्ये पसरत होती, डॉक्टर दुसरीकडे अडकले होते. ते पोचेपर्यंत बाळंतपण रोखून धरायला नर्सने आईला सांगितलं, असं चरित्रकार लिहितात. रोझमेरी उशिरा बसली, उशिरा चालली, अक्षरं उलटी लिहायची. नऊ भावंडांचं घर, सगळी एकमेकांशी चढाओढ करणारी, जेवणाच्या टेबलावर राजकारणाच्या परीक्षा घेणारे वडील. त्या घरात ही एक मुलगी होती जिला काटा-सुरीने मांस कापायला दुसऱ्याची मदत लागायची.

वडील इंग्लंडमध्ये राजदूत होते तेव्हा 1938 मध्ये तिला बकिंगहॅम राजवाड्यात राणीपुढे नेलं. सुंदर दिसत होती, फोटो आहेत. इंग्लंडमध्ये नन्सच्या एका माँटेसरी शाळेत ती लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवायची. तिच्या आयुष्यातला बहुधा सगळ्यात सुखाचा काळ तोच. युद्ध सुरू झालं, तिला परत आणलं, आणि इथे ती चिडायला लागली, रात्री बाहेर निघून जायला लागली. नोव्हेंबर 1941 मध्ये वडिलांनी वॉशिंग्टनमध्ये तिच्या मेंदूची शस्त्रक्रिया करवली. लोबोटॉमी. तेवीस वर्षांची होती. शस्त्रक्रियेच्या वेळी तिला जागं ठेवून बोलायला लावलं होतं, आणि ती बोलायची थांबली तेव्हा डॉक्टर थांबले. त्यानंतर तिला चालता येईना, बोलता येईना. पुढे विस्कॉन्सिनमधल्या जेफर्सन गावी नन्सच्या संस्थेत तिला ठेवलं. ती 2005 पर्यंत जगली, शहाऐंशी वर्षांची होऊन गेली.

हे वाचून तुम्हाला त्या बापाचा राग येईल. मलाही येतो. पण मी एक सांगते, जे मी सहसा कुणाला सांगत नाही. माझा मुलगा पाच वर्षांचा असताना आम्हाला कुणीतरी एका दवाखान्याचं नाव दिलं. ऑक्सिजनच्या बंद पेटीत चाळीस वेळा बसवायचं, मग मूल बोलायला लागतं. आम्ही पैसे भरले. माझं लेकरू त्या पेटीच्या काचेवर दोन्ही तळवे लावून माझ्याकडे बघत राहायचं, आणि मी बाहेरून हसून हात हलवायची. अकराव्या वेळी त्याने कानावर हात मारून घेतले ते थांबवेचना. तेव्हा मी ते बंद केलं. नवीन आहे, मोठ्या माणसांनी सुचवलंय, याने मूल 'सगळ्यांसारखं' होईल, हे वाक्य आईबापांना किती गोड लागतं ते मला ठाऊक आहे. जोसेफ केनेडीला मी माफ करत नाही. फक्त तो मला परका वाटत नाही.

आता युनिसबद्दल. रोझमेरीहून तीन वर्षांनी धाकटी बहीण. दोघी एकत्र पोहायच्या, शिडाच्या होडीतून जायच्या. आपल्या बहिणीला पाण्यात काय येतं, हे युनिसने डोळ्यांनी पाहिलेलं होतं. म्हणून 1962 च्या जूनमध्ये तिने मेरीलँडमधल्या स्वतःच्या घराच्या आवारात मतिमंद म्हटल्या जाणाऱ्या मुलांसाठी उन्हाळी शिबिर भरवलं. तेव्हा अशा मुलांना डॉक्टर सरळ संस्थेत टाकायला सांगत. इथे बाजूच्याच वॉल्टममध्ये फर्नाल्ड म्हणून अशी जुनी संस्था होती, 2014 ला बंद झाली. त्या रस्त्याने गाडी नेताना मी आजही रेडिओ बंद करते. तर युनिसने त्या मुलांना घोड्यावर बसवलं, पाण्यात उतरवलं. त्याच वर्षी सप्टेंबरात तिने एका मोठ्या साप्ताहिकात लेख लिहून जाहीर केलं की राष्ट्राध्यक्षांची बहीण बौद्धिकदृष्ट्या अक्षम आहे. शस्त्रक्रियेचं तिने लिहिलं नाही, ते दार तेव्हाही बंदच राहिलं. पण सत्तेतल्या घराने असं म्हणणं, तेही 1962 साली! आपल्या घरांत आजही लग्नाच्या वेळी अशी बहीण आतल्या खोलीत बसवतात.

भावाच्या मागे लागून तिने समिती नेमायला लावली, मुलांच्या आरोग्याची राष्ट्रीय संशोधन संस्था काढायला लावली. तीही 1962 चीच, आणि आज तिला युनिसचंच नाव आहे. 20 जुलै 1968 ला शिकागोच्या सोल्जर फील्डवर पहिलं स्पेशल ऑलिम्पिक झालं, म्हणजे अशाच मुलांच्या खेळांच्या स्पर्धा. सुमारे हजार खेळाडू. प्रेक्षकांच्या बाकांवर जवळजवळ कुणी नव्हतं. रॉबर्टला गोळ्या घालून तेव्हा जेमतेम सहा आठवडे झाले होते. दुसऱ्या भावाचाही खून झालाय, आणि ही बाई रिकाम्या स्टेडियममध्ये उभी राहून मुलांना शपथ सांगतेय: मला जिंकू दे, पण जिंकता आलं नाही तर प्रयत्नात शूर राहू दे.

ती शपथ माझ्या मुलाला पाठ आहे. त्याच्याकडे मोजकी वाक्यं आहेत, त्यातलं हे एक. पंचवीस मीटर फ्रीस्टाइलला तो दर वेळी मध्येच थांबतो, तळाला पाय टेकवून उभा राहतो, चष्मा नीट करतो, काठावर मी आहे ना ते बघतो, आणि पुन्हा निघतो. बाकीचे तोवर पोचलेले असतात. शेवटची दहा मीटर सगळा काठ त्याच्या नावाने ओरडत असतो.

क्विन्सीकर, मला विचाराल तर या घराण्याचा वारसा म्हणजे ती दहा मीटर.

---

ऑस्टिनकर

ताई, रोझमेरीचं मला फक्त नाव माहीत होतं. हे माहीत नव्हतं. मेरी जोबद्दल मी लिहिलं ते मागे घेत नाही, पण तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

एक शंका मनापासून विचारतो. मनोरुग्णालयं ओस पडली आणि माणसं रस्त्यावर आली, त्याला जॉन यांचाच 1963 चा कायदा कारण झाला ना? इथे ऑस्टिनमध्ये पुलाखाली राहणारी माणसं मी रोज बघतो.

---

मेडफर्डची आई

हो, कारण झाला. 31 ऑक्टोबर 1963 ला सही केली, पुढच्या तीन आठवड्यांत ते गेले. कल्पना अशी की मोठाली रुग्णालयं रिकामी करायची आणि गावोगावी उपचार केंद्रं काढायची. रुग्णालयं रिकामी झाली, केंद्रं ठरवली तेवढी कधीच उभी राहिली नाहीत, पैसाच दिला गेला नाही. अर्धा कायदा करणं किती महाग पडतं ते त्या पुलाखाली दिसतं. तरी मला फर्नाल्ड परत नकोय. रॉबर्ट केनेडी 1965 मध्ये न्यूयॉर्कच्या विलोब्रुक संस्थेत न सांगता गेले होते. प्राणिसंग्रहालयातले पिंजरे याहून बरे असतात, अशा अर्थाचं ते बाहेर येऊन बोलले. तिथे कुणाचीतरी मुलं होती हो.

---

शिकागोचे काका

मी या संकेतस्थळावर वाचनमात्र असतो. टंकायला वेळ लागतो, त्यामुळे चुकाकडे दुर्लक्ष करा.

मी 1970 च्या ऑगस्टमध्ये शिकायला आलो. रिझर्व्ह बँक तेव्हा 8 डॉलर देई, तेवढे खिशात होते. विमानतळावर घ्यायला येणारा मित्र तीन तास उशिरा आला, आणि त्या तीन तासांत मी भुकेला राहिलो पण डॉलर मोडला नाही. पुढे नोकरी लागली, थर्ड प्रेफरन्समध्ये, म्हणजे शिकलेल्या व्यावसायिकांच्या गटात, ग्रीन कार्ड झालं. तेव्हा अर्जाला काही महिने लागत. आजच्या मुलांना सांगितलं तर खोटं वाटतं.

मला ते कार्ड कसं मिळालं हे मी कितीतरी वर्षांनी समजून घेतलं. 1924 च्या कायद्याने कुणाला किती जागा हे जन्माच्या देशावर ठरायचं. ब्रिटन, जर्मनी, आयर्लंडला ढीगभर, आपल्याला दार बंद. 1946 मध्ये भारताला जागा मिळाल्या त्या वर्षाला 100. अख्ख्या देशाला शंभर! जॉन केनेडी सिनेटर असताना या पद्धतीविरुद्ध लिहीत होते, अध्यक्ष झाल्यावर 1963 च्या जुलैत त्यांनी काँग्रेसपुढे बदलाचा प्रस्ताव ठेवला. ते गेल्यावर सिनेटमध्ये हे विधेयक हाताळायचं काम टेडकडे आलं. वय तेहेतीस. 76 विरुद्ध 18 मतांनी त्याने ते पार नेलं, आणि 3 ऑक्टोबर 1965 ला अध्यक्ष जॉन्सननी स्वातंत्र्यदेवतेच्या पायथ्याशी सही केली.

यात एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. या कायद्याने देशाची वांशिक घडण बदलणार नाही, असं टेडने सिनेटला स्वच्छ सांगितलं होतं. नातेवाइकांना जास्त जागा ठेवल्या त्याही याच हिशेबाने, की इथे युरोपातले लोक जास्त आहेत, तर त्यांचेच भाऊबंद येतील. युरोपातून मात्र तेव्हा यायला कुणी फारसं उत्सुक नव्हतं. आलो आपण. मी आलो, मग बायको, मग फिफ्थ प्रेफरन्समध्ये, म्हणजे भावंडांच्या गटात, माझा धाकटा भाऊ आणि बहीण. आज आमच्या घरच्या गणपतीला चाळीस पानं होतात, ती त्या एका चुकलेल्या अंदाजामुळे. टेडने पुढे कधी तो कायदा मागे घ्या म्हटलं नाही. उलट आयुष्यभर स्थलांतरितांच्या बाजूने लढला. 1990 चा इमिग्रेशनचा कायदाही त्याचाच, ज्यातून आजचा एच-वन-बी निघाला. आणि एका देशाला सात टक्क्यांहून जास्त ग्रीन कार्डं नाहीत ही अट, जिच्यात आजची मुलं पंधरा-पंधरा वर्षं अडकून पडली आहेत, तीही त्याच कायद्यात बसलेली. क्विन्सीकर, तुम्हीही त्याच रांगेत असाल.

ऑगस्ट 2009 मध्ये टेड गेला तेव्हा मी बसने बॉस्टनला आलो होतो. जॉनच्या नावाच्या ग्रंथालयात शवपेटी ठेवली होती. रांग बाहेर लांबपर्यंत होती. माझ्यापुढे एक आयरिश आजीबाई, मागे हैतीचं एक कुटुंब, आई, तीन मुली, सगळ्या पांढऱ्या कपड्यांत. कुणी कुणाला विचारलं नाही की तू का आलास.

---

क्विन्सीकर

काका, ताई, ऑस्टिनकर, काय लिहू! रांगेतच आहे काका, प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेत नंबर लागल्याची तारीख, 2019 ची. बाबांना हे सगळं फोनवर वाचून दाखवलं. काकांचे 8 डॉलर ऐकून ते गप्प झाले. त्यांच्या मोठ्या भावालाही यायचं होतं, जमलं नाही. हे मला आजच कळलं.

ताई, मुलीने रोझमेरीबद्दल मला तीन वेळा विचारलं. आणि तिचा आधीचा प्रश्न अजून तसाच आहे. लसवाल्या पुतण्याचं काय सांगू तिला?

---

मेडफर्डची आई

तिला कार्डांची गोष्ट सांगा.

जॉनची आई, म्हणजे त्या पुतण्याची आजी रोझ, एका पेटीत प्रत्येक मुलाचं कार्ड ठेवायची. नऊ मुलं, नऊ कार्डं. कुणाला कुठली लस कधी टोचली, वजन किती, कुठला आजार झाला. जॉनच्या कार्डावर डांग्या खोकला, गोवर, कांजिण्या सगळं लिहिलंय. 1920 च्या फेब्रुवारीत त्याला स्कार्लेट फीवर झाला, तीन वर्षांचाही नव्हता, तेव्हा तो वाचेल की नाही अशी वेळ आली होती. त्या काळात या आजारांनी मुलं मरत, आणि आया असं लिहून ठेवत. तोच जॉन अध्यक्ष झाल्यावर ऑक्टोबर 1962 मध्ये त्याने लसीकरणाला मदत देणाऱ्या कायद्यावर सही केली. पोलिओ, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात. क्यूबातल्या क्षेपणास्त्रांचं संकट ऐन भरात होतं त्याच आठवड्यात.

आणि रॉबर्टचा मुलगा फेब्रुवारी 2025 पासून त्याच आरोग्यखात्याचा मंत्री आहे. लसींबद्दल सल्ला देणाऱ्या समितीचे सतराच्या सतरा सदस्य त्याने त्या जूनमध्ये काढून टाकले. त्याची चुलत बहीण कॅरोलाइन, म्हणजे जॉनची मुलगी, तिने त्याची नेमणूक करू नका म्हणून सिनेटर्सना पत्र लिहिलं होतं. सख्खी भावंडंही त्याच्या विरोधात बोलली आहेत. घराणं म्हणजे एक माणूस नव्हे, हे तुमच्या मुलीला अकराव्या वर्षी कळू दे, हरकत नाही.

मला लागलं ते वेगळं. एप्रिल 2025 मध्ये तो पत्रकारांपुढे म्हणाला की ऑटिझम असलेली ही मुलं कधी कर भरणार नाहीत, नोकरी करणार नाहीत, बेसबॉल खेळणार नाहीत, कविता लिहिणार नाहीत. नंतर त्याने खुलासा केला की आपण फार गंभीर मुलांबद्दल बोलत होतो. पण मी ते स्वयंपाकघरात उभी राहून ऐकलं तेव्हा मुलगा समोर बसून पोळी खात होता. त्याला किती समजलं ते मला माहीत नाही. तो आठवड्याला पंधरा तास काम करतो, डबे धुतो, खोकी उलगडून रचतो. ती नोकरी मिळवायला ज्या संस्थेने मदत केली ती युनिसच्याच एका मुलाने 1989 मध्ये काढलेली. त्याच्या पगाराचा आणि कराचा डब्ल्यू-2 फॉर्म मी फ्रिजवर चुंबकाने लावलाय. कर कापलेला आहे त्यात. युनिसच्या पुतण्याने हे बोलावं! ती असती तर त्याला समोर बसवून घेतलं असतं, असं मला वाटतं. तिच्या नावाची ती संशोधन संस्था आज याच पुतण्याच्या खात्यात मोडते.

आता तुमचा शनिवार. क्विन्सीहून रेड लाइनने थेट जेएफके-यूमास स्टेशनला उतरा. ग्रंथालय समुद्राला लागून आहे, आय. एम. पेई यांची इमारत. शेवटी काचेच्या उंच दालनात याल, वर एक भलामोठा झेंडा आणि समोर नुसतं बंदराचं पाणी. तिथे बाबांना बसू द्या, घाई करू नका. त्याआधी नारळाची करवंटी बघा. 1943 मध्ये महायुद्धात नौदलाची होडी फुटल्यावर जॉनने त्या करवंटीवर निरोप कोरून सॉलोमन बेटांवरच्या दोन माणसांकडे दिला होता, त्याने अकरा जीव वाचले. पुढे ती त्याच्या टेबलावर असायची. शेजारीच टेडच्या नावाची संस्था आहे, तिथे सिनेटचं सभागृह आहे त्या आकारात उभं केलंय. मुलीला तिथे बसवा.

बील्स स्ट्रीटचं घर ठरावीक महिन्यांतच उघडं असतं, वेळ आधी बघा. ग्रीन लाइनच्या सी गाडीने कूलिज कॉर्नर, तिथून चालत. साधं घर आहे, बाबांना आश्चर्य वाटेल. रोझने ते स्वतः पुन्हा जसंच्या तसं लावलं आणि तिच्या आवाजात त्याची माहिती ध्वनिमुद्रित केलेली आहे. मुलांच्या खोलीत उभे राहाल तेव्हा लक्षात ठेवा, त्या घरात रोझमेरीही होती.

आणि रविवारी सकाळी वेळ असेल तर आमच्या पोरांचा सराव असतो. तलावाच्या टोकाला उभं राहायला माणसं कमी पडतात.

---

क्विन्सीकर

ताई, बाबांना विचारलं. यायचं म्हणतात. पण त्यांना पोहता येत नाही, त्यांनी काय करायचं असं विचारतात.

---

मेडफर्डची आई

टॉवेल धरायचा. मुलगा पोचला की त्याला हाताने काठ दाखवायचा आणि नाव घेऊन ओरडायचं, नाव मी सांगेन. साडेनऊला सुरू होतं. घसरणार नाहीत अशा चपला आणा म्हणावं.